जुने गेम, नवा टीव्ही: उडी उशिरा, वेग बेताल आणि चित्र थरथरते

फावला_वेळ यांचा प्रश्न

नमस्कार. जुने व्हिडिओ गेम पुन्हा खेळायला घेतले आहेत आणि तीन गोष्टी सतत खटकत आहेत. त्या एकमेकींशी संबंधित आहेत की निरनिराळ्या, हे नीट उमगलेले नाही, म्हणून एकत्रच मांडतो. माझी जुळणी साधी आहे: लॅपटॉप एचडीएमआय केबलने मोठ्या एलसीडी टीव्हीला जोडला आहे, कंट्रोलर ब्लूटूथवरचा आहे, कन्सोलचे गेम रेट्रोआर्कमध्ये आणि डॉसचे (पीसीच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरचे) गेम डॉसबॉक्समध्ये चालवतो; हे दोन्ही जुन्या यंत्रांची नक्कल करणारे प्रोग्राम, म्हणजे एम्युलेटर, आहेत.

पहिली गोष्ट उडीची. एनईएस या निन्टेन्डोच्या जुन्या कन्सोलवरच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये खड्ड्याच्या अगदी काठावर येऊन बटण दाबायची हाताला सवय आहे. आता तसे केले की मारिओ उडी न मारता सरळ खड्ड्यात जातो. किंचित आधी दाबले तर उडी बसते. वयाने बोटे मंदावली असतील म्हणावे, तर लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर तोच गेम बराच बरा खेळता येतो.

दुसरी गोष्ट वेगाची. डॉसचा एक फार जुना गेम इतका सुसाट पळतो की काय घडले ते कळायच्या आत डाव संपतो. दुसरा एक त्रिमितीय गेम गोगलगायीसारखा चालतो. त्या दुसऱ्यासाठी मी डॉसबॉक्सची ‘सायकल्स’ ही सेटिंग ‘मॅक्स’ करून ठेवली, तर तिसराच एक छोटा गेम सुरू होता होता ‘रनटाइम एरर २००’ असा संदेश देऊन बंद पडू लागला.

तिसरी गोष्ट चित्राची. पार्श्वभूमी आडवी सरकू लागली की विटांच्या कडा थरथरतात. काही ठिपके रुंद तर काही अरुंद दिसतात आणि सरकताना ते रुंद-अरुंदपण लाटेसारखे पुढे जाते. स्थिर चित्रात हे फारसे जाणवत नाही.

याखेरीज घरात एक जुना ४८६ (त्या नावाच्या जुन्या प्रोसेसरचा) संगणक आणि त्याचा काचेच्या नळीचा व्हीजीए (पीसीच्या चित्राची जुनी पद्धत) मॉनिटर बरीच वर्षे बंद स्थितीत पडून आहेत. या सगळ्या सेटिंगांच्या भानगडीत पडण्यापेक्षा तोच संगणक पुन्हा चालू करणे शहाणपणाचे ठरेल का?

सावकाश यांचे उत्तर

आपल्या तिन्ही तक्रारींचे मूळ मला एकच दिसते. प्रत्येक जुना गेम कुठल्या तरी एका यंत्राच्या ठोक्यावर पावले टाकत असे. कुणी नळीच्या टीव्हीत चित्र रेखणाऱ्या किरणाच्या ठोक्यावर, कुणी प्रोसेसरच्या. तो ठोका आपल्या आजच्या जुळणीत उरलेला नाही, आणि त्याची भरपाई प्रत्येक ठिकाणी वेगळ्या रीतीने करावी लागते. मी फक्त उडीबद्दल लिहितो. बाकीचे इथले जाणकार सांगतीलच.

एनईएसमध्ये संपूर्ण चित्र साठवून ठेवण्याइतकी मेमरीच नव्हती. चित्र काढणाऱ्या चिपच्या दिमतीला अवघी २ किलोबाइट रॅम होती आणि तिच्यात कोणत्या जागी कोणती फरशी (चित्राचा छोटा चौकोनी तुकडा) बसवायची याची यादी असे. त्या यादीवरून ठिपक्यांचे रंग ठरवण्याचे काम टीव्हीचा किरण पडद्यावरून धावत असतानाच, ओळीमागून ओळ, चालू असे. म्हणजे चित्र आधी तयार होऊन मग दाखवले जात नसे. तयार होणे आणि दिसणे एकाच वेळी घडे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये वरची गुणांची पट्टी स्थिर राहते आणि खालची जमीन सरकते, ती करामतही अशीच साधलेली आहे. गुणपट्टीतल्या नाण्याच्या खालच्या कडेपाशी एक विशिष्ट स्प्राइट (पार्श्वभूमीपासून वेगळे काढले जाणारे छोटे चित्र) लपवून ठेवलेला आहे, किरण तिथे पोचल्याची खूण चिपकडून मिळेपर्यंत प्रोसेसर वाट पाहतो आणि खूण मिळताच उरलेल्या चित्रासाठी सरकण्याचा आकडा बदलतो. बंदुकीचा ‘डक हंट’ हा गेम आजच्या एलसीडी टीव्हीवर चालत नाही, त्यामागेही किरणाच्या वेळेवरचे हेच अवलंबित्व आहे.

आता आपल्या जुळणीत बटण दाबल्यापासून काय काय घडते ते पाहा. कंट्रोलर आपली स्थिती ब्लूटूथवरून ठरावीक अंतराने कळवतो, ऑपरेटिंग सिस्टिम ती एम्युलेटरला देते, एम्युलेटर पूर्ण फ्रेम (पडद्यावरचे एक अख्खे चित्र) तयार करून ग्राफिक्स ड्रायव्हरकडे सोपवतो, ड्रायव्हरच्या रांगेत आधीच एकदोन फ्रेम उभ्या असू शकतात, आणि शेवटी टीव्ही ते चित्र घेऊन त्यावर स्वतःचे संस्कार करतो. एक फ्रेम म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद. अशा चारपाच फ्रेम साचल्या की काठावरून मारलेली उडी हमखास चुकते.

या साखळीत सर्वांत जाड कडी बहुधा टीव्हीचीच असते, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर गेम बरा वाटतो या आपल्या निरीक्षणातून तेच सूचित होते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ शोधून सुरू करा. काही टीव्हींवर त्या एचडीएमआय जोडणीला ‘पीसी’ असे नाव दिल्याशिवाय सर्व संस्कार बंद होत नाहीत, तेही करून पाहा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय चालू असेल, तर ती आधी बंद करा. मधली चित्रे कल्पनेने घालण्यासाठी टीव्हीला पुढची फ्रेम हाती येईपर्यंत थांबावेच लागते, त्यामुळे ती सोय आणि तत्परता एकत्र नांदूच शकत नाहीत. एवढे झाल्यावर कंट्रोलर केबलने जोडून फरक पाहा.

त्यानंतरच रेट्रोआर्ककडे वळा. व्हिडिओ ड्रायव्हर ओपनजीएल असेल तर ‘हार्ड जीपीयू सिंक’ सुरू करा; व्हल्कन असेल तर ‘मॅक्स स्वॉपचेन इमेजेस’चा आकडा २ वर आणा. शेवटचा उपाय ‘रन-अहेड’चा. बटण दाबल्यावर लगेच पुढच्या फ्रेमला प्रतिसाद देणारे गेम कमीच आहेत. बहुतेकांच्या स्वतःच्या रचनेतच एकदोन फ्रेमची दिरंगाई आहे. रन-अहेडमध्ये एम्युलेटर पडद्याआड काही फ्रेम पुढे चालून जातो, तिथले चित्र आपल्याला दाखवतो आणि पुन्हा मागे येऊन आपल्या पुढच्या बटणाची वाट पाहतो. किती फ्रेम पुढे जायचे ते अंदाजाने ठरवू नये. गेम थांबवा, उडीचे बटण दाबून धरा आणि ‘फ्रेम अॅडव्हान्स’ची कळ एकेकदा दाबत जा. मारिओ तिसऱ्या फ्रेमला हलला, तर आधीच्या दोन फ्रेम गेमच्या स्वतःच्या आहेत आणि रन-अहेड जास्तीत जास्त २ ठेवता येईल. त्याहून अधिक ठेवल्यास उडीची सुरुवातच गाळली जाते आणि पात्र हिसका बसल्यासारखे वर जाते.

जुनी_फ्लॉपी यांचे उत्तर

डॉसच्या गेमांबद्दल आणि आपल्या ४८६ बद्दल लिहितो.

१९८१ च्या आयबीएम पीसीमधला ८०८८ प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालत असे. त्या काळच्या अनेक गेमांत वेग राखण्यासाठी घड्याळच वापरलेले नाही: दोन हालचालींच्या मध्ये अमुक इतके वेळा रिकामी फेरी मारायची, एवढेच लिहिलेले असे. सगळ्यांचे यंत्र एकाच वेगाचे होते तोवर ते खपून गेले. पुढे वेगवान संगणक आले तशी पेटीच्या दर्शनी भागावर ‘टर्बो’ नावाची कळ आली. नावावरून ती वेग वाढवणारी वाटते, पण तिचा खरा उपयोग यंत्राला मुद्दाम संथ करण्यासाठी होता. आपल्या ४८६ ला ती असण्याची बरीच शक्यता आहे.

डॉसबॉक्सची ‘सायकल्स’ ही सेटिंग म्हणजे तीच टर्बो कळ, फक्त हवी तितकी मागेपुढे सरकवता येणारी. हा आकडा एका मिलिसेकंदात साधारण किती सूचना पार पाडायच्या ते सांगतो. मूळ पीसीच्या वेगासाठी ३०० च्या आसपास, ३३ मेगाहर्ट्झच्या ३८६ साठी ६,००० च्या आसपास आणि ६६ मेगाहर्ट्झच्या ४८६ साठी २४,००० च्या आसपास, एवढा अंदाज सुरुवातीला पुरतो. त्यानंतर गेम चालू असतानाच कंट्रोलबरोबर एफ११ दाबून आकडा कमी करा किंवा एफ१२ दाबून वाढवा, आणि ठीक वाटेल तिथे थांबा. डॉसबॉक्सच्या ‘ऑटो’ या सेटिंगचा स्वभावही माहीत असावा: साध्या रिअल मोडमधल्या (प्रोसेसरच्या मूळ, मर्यादित पद्धतीने चालणाऱ्या) गेमला ती ३,००० सायकल्स देते आणि गेम प्रोटेक्टेड मोडमध्ये (नंतरच्या, जास्त मेमरी वापरू देणाऱ्या पद्धतीत) गेला की झेपेल तेवढा सगळा वेग देऊ लागते. आपला सुसाट गेम ३,००० वरही सुसाटच राहणार आणि त्रिमितीय गेमला ३,००० अपुरे पडणार, हे उघड आहे. म्हणून प्रत्येक गेमसाठी स्वतंत्र कॉन्फिगरेशन फाइल ठेवा. सर्वांना लागू पडणारा असा एकच आकडा नसतो.

‘रनटाइम एरर २००’ ही त्याच कहाणीची गमतीदार उलटी बाजू आहे. तो गेम टर्बो पास्कल या प्रोग्रामिंगच्या जुन्या साधनात लिहिलेला असणार. टर्बो पास्कलच्या एका तयार विभागात, विलंबाची फेरी नेमकी किती वेळा मारावी हे ठरवण्यासाठी, प्रोग्राम सुरू होतानाच प्रोसेसरचा वेग मोजला जातो. पीसीचे टाइमर घड्याळ सेकंदाला सुमारे १८.२ ठोके देते. एका ठोक्याच्या अवधीत, म्हणजे जवळपास ५५ मिलिसेकंदांत, किती फेऱ्या होतात ते मोजून त्या संख्येला ५५ ने भागले जाते. प्रोसेसर फार वेगवान असला की भागाकाराचे उत्तर १६ बिटांत मावत नाही, प्रोसेसर भागाकार चुकल्याची हाक देतो आणि प्रोग्राम तिथेच मान टाकतो. सुमारे २०० मेगाहर्ट्झचे संगणक आले तेव्हा हा दोष सगळीकडे उघडा पडला. म्हणजे हार्डवेअरचा वेग जाणून घेऊन शहाणपणाने वागू पाहणारे प्रोग्राम त्या मोजणीतच अडखळले, आणि रिकाम्या फेऱ्या मारणारे अडाणी प्रोग्राम निदान सुरू तरी होत राहिले! आपण ‘मॅक्स’ केल्यावर हा गेम मेला याचे कारण हेच. त्याला दहाएक हजार सायकल्स द्या, सुरू होईल.

आता ४८६ बद्दल. तो चालू करायला माझी हरकत नाही, उलट आग्रहच आहे, परंतु वीज देण्याआधी पेटी उघडून मदरबोर्ड नीट पाहा. त्या काळच्या अनेक बोर्डांवर घड्याळासाठी निकेल-कॅडमियमची नळकांड्यासारखी छोटी बॅटरी थेट डाखलेली असे. बहुधा ती निळ्या वेष्टनाची असते आणि कीबोर्डच्या जोडणीजवळ सापडते. वर्षानुवर्षे पडून राहिल्यावर तिच्यातून अल्कधर्मी द्रव पाझरतो आणि तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. आजूबाजूला हिरवट-पांढरा थर दिसला तर यंत्र चालू करू नका. बॅटरी कापून काढा, त्या जागी पातळ केलेल्या व्हिनेगरने अल्क उदासीन करा, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ पुसून पूर्ण वाळू द्या, आणि मगच भिंगाखाली रेषा तपासा. थर दिसला नाही तरी बॅटरी काढूनच टाका. ती आज ना उद्या पाझरणारच आहे. हार्ड डिस्क फिरली तर गेम खेळण्याआधी तिची पूर्ण प्रतिमा (जशीच्या तशी नक्कल) दुसरीकडे उतरवून घ्या, कारण पुन्हा फिरेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. मॉनिटर मात्र स्वतः उघडू नका. नळीवर प्लग काढल्यानंतरही जीवघेणा विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

ठिपकेमोज यांचे उत्तर

थरथरणाऱ्या विटांचे गणित अगदी सरळ आहे. एनईएसचे चित्र २४० ओळींचे आणि आपला टीव्ही १०८० ओळींचा असावा असे धरतो. १०८० भागिले २४० म्हणजे साडेचार. टीव्हीवर अर्धी ओळ काढता येत नाही, म्हणून काही ओळी चारपट उंच होतात आणि काही पाचपट; रुंदीचेही तेच होते. चित्र सरकू लागले की तीच वीट कधी चारपट खान्यात तर कधी पाचपट खान्यात पडते, आणि आपण म्हणता ती लाट दिसते. रेट्रोआर्कमध्ये ‘इंटिजर स्केल’ सुरू केल्यास चित्र नेमके चौपट, म्हणजे ९६० ओळींचे होईल आणि वरखाली थोडी काळी पट्टी राहील. टीव्ही फोर-के असल्यास २१६० भागिले २४० बरोबर ९ येतात, तिथे पट्टीचीही गरज पडत नाही.

रुंदीचा प्रश्न यानेही पुरता सुटत नाही. एनईएसचा ठिपका चौरस नव्हता. अमेरिकी-जपानी टीव्हीवर त्याची रुंदी आणि उंची ८:७ या प्रमाणात होती. चौरस ठिपके ठेवले तर मारिओ किंचित सडपातळ दिसतो, योग्य प्रमाण ठेवले तर आडवा गुणक अपूर्णांकात जातो. यावर मी ‘शार्प बायलिनियर’ शेडर (चित्रावर शेवटी संस्कार करणारा छोटा प्रोग्राम) वापरतो. तो आधी ठिपके पूर्णांकात मोठे करतो आणि उरलेल्या अपूर्णांकापुरतीच कड मऊ करतो. सरकताना थरथर जाते आणि चित्र धूसरही होत नाही.

डॉसच्या बाबतीत ठिपका उलट दिशेने बिघडतो. त्या काळच्या असंख्य गेमांचे चित्र ३२० बाय २०० चे होते, पण ते ४:३ आकाराचा मॉनिटर पूर्ण भरत असे, म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा उंचीला जास्त होता. चौरस ठिपक्यांत पाहिल्यास सगळी पात्रे बुटकी आणि वर्तुळे चपटी दिसतात. डॉसबॉक्समध्ये ‘अॅस्पेक्ट’ सुरू असल्याची खात्री करा. अगदी नेमके बसवायचे तर रुंदी पाचपट आणि उंची सहापट केली की १६०० बाय १२०० मिळतात, आणि तेच बरोबर ४:३ आहे. मात्र त्यासाठी पडद्याला १२०० ओळी हव्यात.

एवढे झाल्यावर एखादे सीआरटी (म्हणजे नळीच्या पडद्याची नक्कल करणारे) शेडरही लावून पाहा, असा माझा आग्रह राहील. सेगा मेगा ड्राइव्ह या कन्सोलवरच्या १९९१ च्या ‘सोनिक’मधला धबधबा पाहा. स्वच्छ ठिपक्यांत तो उभ्या पट्ट्यांचा पडदा दिसतो. कंपोझिट केबल आणि जुना टीव्ही यांच्यामधून जाताना त्या पट्ट्या एकमेकींत मिसळत आणि पाणी पारदर्शक असल्याचा भास होई. त्यामुळे धारदार ठिपके म्हणजेच मूळ चित्र, हा समज मला पटत नाही.

आडवा_किरण यांचे उत्तर

ठिपकेमोज यांच्याशी मेगा ड्राइव्हपुरता सहमत आहे, पण शेडर सरसकट लावण्याला माझा विरोध आहे. कन्सोल २४० ओळींचे चित्र टीव्हीला देत आणि टीव्हीवर ओळींच्या मध्ये काळ्या फटी दिसत, हे खरे. व्हीजीएचे तसे नव्हते. २०० ओळींचे चित्र दाखवताना व्हीजीए कार्ड प्रत्येक ओळ दोनदा काढून ४०० ओळी मॉनिटरला देत असे, त्यामुळे डॉसच्या गेमांत तशा फटी दिसतच नसत. आज मात्र डॉसच्या गेमांवर जाड काळ्या रेषांचे शेडर लावून ‘अगदी जुन्यासारखे’ म्हणून चित्रे मांडली जातात. ज्यांनी तो मॉनिटर पाहिला आहे त्यांना ते चटकन खटकते.

शिवाय जुन्या पडद्याचा जो गुण सर्वांत जास्त जाणवतो, तो साध्या शेडरने येत नाही. नळीच्या पडद्यावर प्रत्येक ठिपका क्षणभर उजळून विझतो. एलसीडी तीच फ्रेम पूर्ण १६.७ मिलिसेकंद धरून ठेवते, आपली नजर मात्र सरकणाऱ्या वस्तूबरोबर पुढे जात असते, आणि डोळ्यातच चित्र फासटते. पॅनेल कितीही तत्पर असले तरी हे टळत नाही. १२० हर्ट्झच्या (सेकंदाला १२० फ्रेम दाखवणाऱ्या) पडद्यावर एक फ्रेम चित्राची आणि एक काळी अशी योजना करता येते, ती रेट्रोआर्कमध्ये आहे. फासटणे निम्म्यावर येते, पण उजेडही निम्मा होतो. दिवसाउजेडी बसून खेळणाऱ्याला ते मानवेल असे वाटत नाही.

फावला_वेळ

सर्वांचे मनापासून आभार. टीव्हीवर गेम मोड सुरू करताच उडीची बहुतांश तक्रार मिटली. कंट्रोलर केबलने जोडल्यावर उरलेलीही जवळजवळ गेली. फ्रेम मोजून रन-अहेड १ ठेवले आहे आणि काठावरची उडी आता बसते. पास्कलचा गेम कमी सायकल्सवर निमूट सुरू झाला. इंटिजर स्केलने विटा स्थिर झाल्या. ४८६ ची पेटी उघडली तेव्हा बॅटरी निळीच निघाली. थर तिच्या पायांपुरताच आहे, पुढे पसरलेला दिसत नाही, तरी ती काढून टाकण्याची तयारी चालली आहे.

दोन शंका उरल्या आहेत. डॉसचे आडवे सरकणारे गेम वेग बरोबर असूनही अडखळत सरकतात, मारिओ मात्र अजिबात अडखळत नाही. आणि सीडीवरून उतरवलेल्या एका गेममध्ये आवाज येतात, पण संगीत मुळीच वाजत नाही.

आडवा_किरण

पहिल्या शंकेचे उत्तर ठोक्यातच आहे. एनईएस सेकंदाला ६०.०९८८ फ्रेम देते. टीव्ही ६० चा असला तर फरक इतका किरकोळ की काहीच न करता साधारण दहा सेकंदांत एक फ्रेम गळेल; रेट्रोआर्क तर गेमचा वेग पडद्याशी जुळवून आवाज किंचित ताणून घेतो, त्यामुळे तेवढेही कळत नाही. व्हीजीएचा ३२० बाय २०० हा मोड मात्र ७० हर्ट्झचा होता. ७० फ्रेम ६० मध्ये बसवायच्या म्हणजे दर सेकंदाला दहा फ्रेम टाकून द्याव्या लागतात, आणि सरकत्या चित्रात तो प्रत्येक हिसका दिसतो. १९९३ चा ‘डूम’ सेकंदाला ३५ पावले टाकतो, म्हणजे बरोबर ७० च्या निम्मी. ६० च्या पडद्यावर त्याची काही पावले दोन फ्रेम टिकतात तर काही एकच, आणि वळताना ते चांगले जाणवते.

वेग दहापंधरा टक्के कमी करून ७० चे ६० करणे हा उपाय नव्हे. संगीत आणि खेळ दोन्ही रेंगाळतात. बदलता रिफ्रेश रेट झेपणारा मॉनिटर असेल तर प्रश्नच उरत नाही. तो नसेल तर लॅपटॉपचे किंवा टीव्हीचे पॅनेल ७० हर्ट्झ स्वीकारते का ते सानुकूल रिझोल्यूशन तयार करून पाहा. संगणकाचे बरेच मॉनिटर स्वीकारतात, टीव्ही सहसा कां-कूं करतात. आणि ४८६ चालू झाला नाही तरी त्याचा नळीचा मॉनिटर टाकू नका. ७० हर्ट्झ ही त्याची जन्मजात भाषा आहे, आणि एचडीएमआयचे व्हीजीए करणारा साधा कन्व्हर्टर लावून तो लॅपटॉपलाही जोडता येतो. त्यासाठी तो मॉनिटर सुस्थितीत आहे की नाही, तेवढे एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्या.

सावकाश

सीडीच्या संगीताबद्दल थोडक्यात. त्या काळच्या कित्येक गेमांत सीडीच्या पहिल्या ट्रॅकवर डेटा आणि पुढच्या ट्रॅकांवर साध्या ऑडिओ सीडीसारखे संगीत असे. आयएसओ प्रतिमेत (सीडीच्या एका फायलीतल्या नकलेत) फक्त डेटाचा ट्रॅक उतरतो, संगीत सीडीवरच राहून जाते. ती सीडी पुन्हा बिन आणि क्यू अशा जोडफायलींत उतरवा आणि डॉसबॉक्समध्ये प्रतिमा जोडण्याच्या आज्ञेला बिन न देता क्यू फाइल द्या. क्यू ही साधी मजकुराची फाइल आहे. टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली की कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो ते वाचता येते. पहिल्या ओळीत बिन फाइलचे नाव असते. आपण बिनचे नाव नंतर बदलले असेल तर तिथेही बदला, नाहीतर प्रतिमा जोडलीच जाणार नाही. एवढे करूनही संगीत आले नाही, तर गेमच्या सेटअपमध्ये जाऊन संगीताचा स्रोत सीडी ऑडिओ निवडलेला आहे का ते पाहा. काही गेमांत तिथे साउंड ब्लास्टर हे साउंड कार्ड निवडलेले राहते आणि सीडीकडे विचारणाच होत नाही.